केशरी तळवे आणि डबीतलं मलम

जानेवारीतल्या एका मंगळवारी माझ्या वहीत एवढीच नोंद आहे : "सकाळी ७.१०. तळवे केशरी. दोघींचे."

दोघी म्हणजे मी आणि माझी लेक. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायची. मी एका शाळेच्या कार्यालयात आहे, सकाळची वेळ. नवरा चाकणच्या कारखान्यात, पाळ्यांवर. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे आणि त्या खिडकीशी रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी लेकीच्या मानेचा आणि कोपराच्या आतल्या बाजूचा फोटो काढत असे. रोज तीच जागा आणि तोच उजेड. त्या मंगळवारी खिडकीतला उजेड डोळ्यांवर आला म्हणून तिने हात आडवा धरला आणि मला तळवा दिसला. पिकल्या पपईच्या सालीसारखा रंग होता. मी मोबाइल खाली ठेवला आणि स्वतःचा हात तिच्या हाताशेजारी धरला. तोच रंग, एखादी छटा फिकट.

"आई, हे काय आहे?" तिने विचारलं.

मी आधी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. डोळ्यांतलं पांढरं स्वच्छ पांढरं होतं, म्हणजे कावीळ नव्हती. मग मला जे वाटलं ते आज लिहितानाही जड जातं. मला आनंद झाला.

लेकीला लहानपणी इसब होतं. शाळेत असताना ते गेलं आणि नोकरी लागल्यावर वर्षभरात परत आलं. मानेवर, कोपराच्या घडीत, पापण्यांवर. कातडी लाल व्हायची, तापायची, खाजवून खाजवून तिच्यातून लस यायची. एप्रिल-मेमध्येही ती पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालून जायची. कंपनीच्या बसमध्ये तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते, हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही हसत. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी स्टिरॉइडचं मलम दिलं होतं. ते लागू पडत होतं. पण त्या मलमाने कातडी पातळ होते असं मी चार ठिकाणी वाचलं होतं आणि ते डोक्यातून जात नव्हतं. बाईंनी दोनदा समजावलं, की सांगते तेवढंच आणि सांगते तितके दिवस लावलं तर घाबरायचं कारण नाही. मी मान हलवली. मला लेकीची कातडी शांत व्हायला हवी होती, पण त्या मलमाशिवाय. याखेरीज मला त्या वर्षी काहीच नको होतं.

त्यातच मी रंगांबद्दल वाचलं. जांभळाचा जांभळा, गाजराचा केशरी, टोमॅटोचा लाल, हे रंग म्हणजे झाडांनी उन्हापासून आणि झिजेपासून स्वतःला वाचवायला तयार केलेली द्रव्यं असतात. ती पोटात गेली की अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतात आणि कातडीचा दाह कमी करायला मदत करू शकतील, असं त्या लेखात होतं. 'शकतील' हा शब्द मी वाचला होता. वहीत उतरवून घेताना तो राहिला.

दिवाळी झाल्यावर मी वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर लावलं. सोमवारी लाल : टोमॅटो, बीट. मंगळवारी केशरी : गाजर, लाल भोपळा. बुधवारी जांभळा : लाल कोबी, काळी द्राक्षं, कोकम. गुरुवारी हिरवा. शुक्रवारी पुन्हा केशरी, शनिवारी पुन्हा जांभळा. रविवारी काय उरलं असेल ते. शिवाय रोज सकाळी गाजराचा रस, दोन पेले. तिला एकटीला औषधासारखं वाटू नये म्हणून मीही तेच खाणार, तेच पिणार. नवऱ्याला सूट दिली, कारण तो बहुतेक कारखान्यातच जेवायचा.

मंडईतल्या माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "बाई, घोडा पाळलाय का वो?"

"लेकीला देते. कातडीसाठी."

"माझी कातडी बघा," त्यांनी हात पुढे केला. "चाळीस वर्षं गाजरातच बसलीया. हाय का काय फरक?"

मी पाच किलो घेतली आणि आले.

आता डबीचं सांगायला हवं. आमच्या घरात कुठलीही वस्तू आली त्या वेष्टनात राहत नाही. डाळ, चहा, साबणाची पावडर, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं आणल्या दिवशी बरण्यांत आणि डब्यांत जातं, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. ट्यूबमधली क्रीमंसुद्धा मी कात्रीने कापून काचेच्या छोट्या डब्यांत भरते, कारण ट्यूबच्या कोपऱ्यात बरंच काही अडकून राहतं. लेक लहान असल्यापासून हेच बघत आलेली. त्यामुळे तिच्या कपाटात मलमाची ट्यूब नसून माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीची डबी असते, यात तिला कधीच काही वावगं वाटलं नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी तीन भाग मलमात एक भाग साधी पेट्रोलियम जेली मिसळली. दिसायला दोन्ही सारखीच, पांढुरकी. वास कशालाच नाही. वहीत लिहिलं : "म. ३ : १." पंधरा दिवसांनी निम्मं निम्मं. वर्ष संपायच्या सुमारास १ : ३. मी हे लपवून केलं, पण लिहून ठेवलं. माझ्या हातून दुसरं काही होणं शक्यच नव्हतं. जे केलं ते लिहायचं, ही तीस वर्षांची सवय.

आणि लेकीची कातडी सुधारत गेली.

हे मी आजही नीट सांगू शकत नाही. फोटो एकामागून एक बोटाने सरकवत गेलं, की मानेवरचा लाल डाग आक्रसताना दिसायचा. एखादा प्राणी उजेडापासून मागे सरतो तसा तो केसांच्या आत चालला होता. मी शाळेत मधल्या सुट्टीत दार लावून ते फोटो सरकवत बसायचे. पुढे, मागे, पुढे. मागे सरकवले की डाग परत बाहेर यायचा. मग पटकन पुढे जायचे.

तर त्या मंगळवारी तळव्यांवर रंग दिसला तेव्हा मला वाटलं, पोचला. खाल्लेला रंग कातडीपर्यंत खरोखर पोचला, हा त्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा. मी लेकीला म्हटलं, "गाजराचा आहे. चांगलं लक्षण आहे."

"कोणी सांगितलं?"

"वाचलंय मी."

रात्री जेवताना नवऱ्याने आमच्या हातांकडे बघितलं, मग स्वतःच्या. "घरात दोन गाजरं आणि मी एकटा मुळा," तो म्हणाला. लेक खूप हसली. त्या काळात ती खूप हसायची. तिने मान उघडी टाकायला सुरुवात केली होती, अर्ध्या बाह्यांचा एक कुर्ता घेतला होता. त्याच आठवड्यात मी डबीतलं मलम पूर्ण थांबवलं. वहीत : "म. ०."

आवाज त्यानंतर चार दिवसांनी सुरू झाला.

दुपारी दोन वाजता मी शाळेतून घरी येते. लेक हिंजवडीला, नवरा पहिल्या पाळीला. मी जेवते, भांडी विसळते आणि टेबलाशी पुढच्या दिवसाची यादी करत बसते. त्या दिवशी यादी करताना मला खाजवण्याचा आवाज आला. कोरड्या कातडीवर नखं फिरतात तो. तो आवाज मी कशातूनही ओळखेन. तीनदा भरभर, मग एकदा लांब, सावकाश, मग शांत. लेक अशीच खाजवते. लहानपणापासून याच लयीत.

मी उठून तिच्या खोलीत गेले. खोली रिकामी होती. पलंगावर चादर ताणलेली, पंखा बंद. परत येऊन बसले. पाच मिनिटांनी पुन्हा : तीनदा भरभर, एकदा लांब.

मी घाबरणारी बाई नाही. वहीत लिहिलं : "२.४०. आवाज. खोली रिकामी." दुसऱ्या दिवशी डक्टमध्ये कबुतरं आहेत का ते पाहिलं. होती, पण त्यांचा आवाज वेगळा. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर जाऊन विचारलं, की दुपारी काही घासता का. वरच्या बाई म्हणाल्या, "दुपारी आम्ही झोपतो. एक ते चार. ठाऊक आहे ना आपल्याला?" आणि दार लावलं. चौथ्या दिवशी लेकीच्या खोलीला बाहेरून कडी घालून पाहिली. आवाज आला. या वेळी तो खोलीतून आला नव्हता. तो अगदी जवळून आला होता, आणि जवळ कोणीच नव्हतं. मी टेबलाचा कोपरा धरून बसले, हाताखाली यादीचा कागद. कागदावर 'कोथिंबीर' हा शब्द अर्धाच लिहिला गेला होता.

असे नऊ दिवस. नऊही दिवसांच्या वेळा माझ्याकडे आहेत.

दहाव्या दिवशी नवरा लवकर घरी आला. त्याने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं, ते मला ऐकू आलं नाही. आवाज चालू होता आणि मी मान तिरपी करून तो कुठून येतोय ते ऐकत होते.

"अगं," तो दारातून म्हणाला. "अगं, हात थांबव."

मी खाली बघितलं. माझ्या उजव्या हाताची नखं डाव्या हातावर होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीवर रेघा उठल्या होत्या, काही जुन्या, खपली धरलेल्या, काही ताज्या. नखांच्या कडा केशरी होत्या. माझ्या हाताला खाज सुटलेली नव्हती. आत्ताही नव्हती. माझ्या कातडीला आयुष्यात कधी काही झालेलं नाही.

"कधीपासून चाललंय हे?" त्याने विचारलं.

"काही नाही झालं मला."

"ते दिसतंय," तो म्हणाला आणि चपला काढायच्या विसरून तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शोधून काढला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी लेकीने खोलीचं दार उघडलं नाही. सात दहा झाले, सात वीस झाले. मी दार वाजवलं. "उघडंच आहे," ती आतून म्हणाली. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही पापण्या सुजून डोळे मिटत आले होते. मानेवरून गळ्यापर्यंत लाल, ओलं, आणि उशीचा अभ्रा मानेला चिकटला होता. तिने तो तसाच ठेवला होता, ओढायची हिंमत नव्हती म्हणून. मी कोमट पाणी आणलं आणि अभ्रा भिजवून सोडवला. ती ओरडली नाही. दातांवर दात धरून म्हणाली, "डबी काम करत नाहीये, आई. आठवडाभर दुप्पट लावतेय. तरी नाही."

आठवडाभर ती काहीही नसलेलं दुप्पट लावत होती. पुन्हा सुरू झाल्याचं तिने मला सांगितलं नव्हतं, लवकरची बस आहे म्हणून सकाळचे फोटोही चुकवले होते, कारण मी इतकी खूश होते.

शाळेत रजा कळवली, रिक्षा बोलावली, पिशवीत फाइल, वही, पाण्याची बाटली घेतली. तिने डबी घेतली.

डॉक्टरीणबाईंनी आधी मान पाहिली, मग पापण्या, मग तिचा हात उलटा केला आणि तळव्याकडे बघत राहिल्या. नंतर माझ्याकडे वळल्या. "तुमचाही दाखवा." मी दाखवला. "रंगपंचमीला अजून अवकाश आहे," त्या म्हणाल्या. "रोज किती गाजरं?"

मी वेळापत्रक सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खाण्यात वाईट काही नाही, रस तेवढा बंद करा. या रंगद्रव्यांचं प्रयोगशाळेत बरंच काही चांगलं दिसतं. माणसाच्या कातडीवर ती नेमकी किती काम करतात ते अजून ठरायचंय. जोडीला असू द्या. औषधाच्या जागी नाही." मग लेकीला म्हणाल्या, "मलम नियमित लावत होतीस?"

"रोज. गेला आठवडा दोनदा नाही, चारदा."

"आणि तरी हे?" त्यांनी डबी उघडून पाहिली, बोटाने थोडं चोळलं, बंद केली. "मग याचा उपयोग संपला असं धरायला हवं. आपल्याला वर जावं लागेल. पोटातून घ्यायच्या गोळ्या. त्या जरा जड असतात, आधी रक्त तपासू, मग दर महिन्याला तपासत राहू."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहायला लागल्या. लेक मान हलवत होती. तिचे डोळे जवळजवळ मिटलेले होते, त्यामुळे ती माझ्याकडे बघत नव्हती. लेखणी कागदावर फिरत होती आणि माझ्या कानांत पुन्हा तोच आवाज आला, तीनदा भरभर, एकदा लांब. या वेळी मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. हात हलत नव्हते.

"थांबा," मी म्हटलं.

मी पिशवीतून वही काढली, डिसेंबरचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवलं.

बाईंनी चष्मा वर केला. "म, तीनास एक. म, एकास एक. म, एकास तीन. म, शून्य." त्यांनी मोठ्याने वाचलं, भाजीची यादी वाचावी तसं. "म म्हणजे?"

"मलम," लेक म्हणाली. तिला लगेच कळलं. तिचं कामच ते होतं. तिने वही स्वतःकडे ओढली, अगदी डोळ्यांजवळ धरली आणि एकेक तारीख बोट लावून वाचत गेली. दवाखान्यात बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं.

"टेस्ट केलीस तू माझ्यावर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सांगून केली असतीस ना, तर मीच तुला नीट चार्ट काढून दिला असता."

"मला वाटलं–"

"डबीत काय होतं गेला महिनाभर?"

"साधी जेली."

बाईंनी लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला. तेच जुनं मलम, तीच जुनी मात्रा, आणि जखमांमध्ये जंतू शिरले होते म्हणून आठ दिवसांच्या गोळ्या. "ट्यूबमध्ये ठेवायचं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कंपनीने ट्यूब काही कारणाने केलेली असते."

दहा दिवसांत मान कोरडी झाली, तीन आठवड्यांत पापण्या. फोटो मी काढले नाहीत, तिने काढू दिले नसते. ती माझ्याशी बोलायची, पण कामापुरतं : किल्ली, कुरियर, उद्या उशीर. मलमाची ट्यूब ती ऑफिसच्या बॅगेत ठेवायची आणि बॅग आंघोळीलाही सोबत न्यायची. मार्चमध्ये तिने सांगितलं, की हिंजवडीजवळ दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतलाय. नवऱ्याने सामान पोचवलं. मी सामानाची यादी करून देऊ का विचारलं तर म्हणाली, "नको. मी केलीय."

तळव्यांचा रंग फार हळू उतरला. आधी बोटांच्या पेरांवरून, मग मधून, शेवटी मनगटाशी एक पुसट कड राहिली. आपल्या हाताकडे बघताना तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे असं वाटायचं, आणि रंग गेल्यावरही तसं वाटणं लगेच गेलं नाही. दुपारचा आवाज थांबला. म्हणजे आता मी हात टेबलावर समोर ठेवून बसते, दोन्ही, दिसतील असे.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी ती जेवायला आली. जेवण झालं, तिचे बाबा आडवे झाले. ती आपल्या जुन्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने तिने हाक मारली. "आई, जरा ये."

ती आरशासमोर स्टुलावर पाठ माझ्याकडे करून बसली होती. कुर्ता खांद्यांवरून खाली घेतलेला. पाठीच्या मधोमध, दोन्ही खांद्यांच्या हाडांमध्ये, तळहाताएवढा लाल चट्टा होता.

"हात पोचत नाहीये," ती म्हणाली. "मैत्रिणींना सांगायला नको वाटतं."

तिने बॅगेतून ट्यूब काढली. नवी होती. तिने झाकण फिरवलं, तोंडावरचा चंदेरी पडदा मला दाखवला, झाकणाच्या टोकाने तो माझ्यासमोर फोडला आणि माझ्या तर्जनीवर बोटाच्या एका पेराएवढी रेघ काढली. ट्यूब स्वतःच्या हातात ठेवली.

"चोळू नकोस. नुसतं पसर."

मी पसरलं. कातडी गरम होती, खरखरीत, आणि माझं बोट लागताच एकदा शहारली. मी वर बघितलं. आरशात ती माझ्या बोटाकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. पापणीही लवत नव्हती. चुका शोधताना ती अशीच बसत असणार. बोट डावीकडे गेलं की तिची नजर डावीकडे यायची, थांबलं की थांबायची.

"खाली थोडं राहिलंय," ती म्हणाली.

मी खाली लावलं.

"दुसरा हात कुठे आहे?"

मी डावा हात वर करून आरशात दाखवला. तिने तो नीट बघितला, तळवा आणि मग मनगट, आणि मान हलवली. मग पुन्हा तिची नजर माझ्या बोटावर गेली आणि चट्टा पूर्ण झाकला जाईपर्यंत तिथेच राहिली.